पुंजाजींची रिकामी दमणी

कापसाच्या तेजीच्या त्या दिवसांत अमरावतीच्या रस्त्यावर एखादी रिकामी दमणी दिसली, तर ती पुंजाजींचीच असणार, हे माझ्या शाळेतला पहिलीचा पोरगाही सांगू शकला असता. दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. विलायतेत कापसाचा दुष्काळ पडला होता म्हणे, आणि तो भरून काढायचं काम देवानं वऱ्हाडावर सोपवलं होतं. ज्याच्याजवळ दोन चाकं आणि दोन बैल, तो कापूस वाहत होता. वरातीच्या गाडीतसुद्धा नवरदेवाच्या पायाशी कापसाचं एखादं गाठोडं असायचं. जाता जाता बाजारात टाकता येतं. लोकांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. आणि अशा दिवसांत पुंजाजी पंचक्रोशीतली सगळ्यांत देखणी बैलजोडी आपल्या हलक्या, माणसं बसायच्या दमणीला जुंपायचे, नांदगाव पेठेपर्यंत जायचे, तिथल्या विहिरीवर बैलांना पाणी दाखवायचे आणि परत यायचे. नेताना काही नाही, आणताना काही नाही.

"काही काम होतं का तिकडे?" असं मी एकदा विचारलं होतं.

"कामाले तं गाढवबी जाते, मास्तर," ते म्हणाले.

मी पुण्याकडून नवाच आलो होतो. सरकारी मराठी शाळेत मास्तरची जागा मिळाली होती आणि वऱ्हाडी बोलणं अजून कानाला ढेकळासारखं लागत होतं. आमची पहिली भेट बडनेऱ्याच्या रस्त्यावर झाली. डोक्यावर बोचकं, पायांत चावणारा जोडा, असा मी चाललो होतो. मागून दमणी आली आणि शेजारी थांबली. उंच, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा एक माणूस वरून माझ्याकडे बघत होता.

"मास्तर हाय काय तुमी?"

मी चकित होऊन विचारलं, कसं ओळखलंत? त्यांचं म्हणणं पडलं, की शिकलेला माणूस चालताना पायाखाली बघतो, रस्त्याकडे बघत नाही. मग त्यांनी मला वर घेतलं. पण मी बोचकं दमणीत ठेवू लागलो तसा त्यांनी हात आडवा धरला. दमणीत सामान ठेवायचं नाही, मांडीवर घेऊन बसायचं, म्हणजे ते माझं ओझं होतं, दमणीचं होत नव्हतं. अमरावती येईपर्यंत मी ते बोचकं लेकरासारखं मांडीवर घेऊन बसलो. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "काय काय पाह्यलं?" मी म्हणालो, काही विशेष नाही. त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं बघितलं, की मला आंधळा म्हटलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

पुंजाजी जातीचे माळी. राजापेठेच्या पलीकडे त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, कांद्याची पात आणि बांधानं शेवंती. शेजारच्या सगळ्यांनी भाजी उपटून कापूस पेरला, ह्यांनी नाही पेरला. मळ्यातला माल बाजारात जायचा तो धाकट्या भावाच्या खटाऱ्यातून. दमणीला भाजीचा वाससुद्धा लागू द्यायचे नाहीत. मला मळ्याजवळच एक खोली मिळाली, तेव्हा आम्ही शेजारी झालो. पण त्यांच्या घरात मी कधी गेलो नव्हतो. ते ओसरीवरच बोलायचे, आणि तेही उभ्यानं. बायको अंथरुणाला खिळलेली आहे, एवढं ऐकून होतो. थोरली, विधवा भावजय घरातलं बघायची.

ह्या एकट्याच्या फिरण्याची हळूहळू टोळी कशी झाली, हे मी डोळ्यांनी बघितलं. पुंजाजी ह्या सहलीला 'सैल' म्हणायचे. पंधरवड्यातून एकदा पहाटे मळ्यासमोर सात-आठ दमण्या उभ्या राहायच्या. पहिला आला तो देवबा सुतार. गावातली निम्मी चाकं त्याच्या हातची, पण ती धावताना बघायला त्याला कधी सवड झाली नव्हती. मग गुलाबशेठ आले. हे कापसाचे दलाल. तेजीत त्यांचं पोट सुटलं होतं आणि वैद्यानं हवापालट सांगितला होता. मग आणखी चार-पाच जण, ज्यांच्याजवळ चांगले बैल होते आणि ते मिरवायला जागा नव्हती. मी पुंजाजींच्या शेजारी बसायचो, कारण मला कासरा धरता येत नव्हता.

सैलीचा कायदा कडक होता. ओझं नाही, ही पहिली गोष्ट. शर्यत तर नाहीच. कोणी बैलांना पराणी टोचलेली दिसली, की पुंजाजी त्याला पुढच्या सैलीत मागच्या दमणीत पाहुणा म्हणून बसवायचे. आणि दर कोसाला पहिली गाडी मागे जाणार, दुसरी पुढे येणार. पुढच्याला चोखी हवा, मागच्याला धूळ. ती सगळ्यांनी सारखी खायची. गुलाबशेठ सुरुवातीला म्हणाले, की माझे बैल चांदीच्या शेंब्यांचे, मी पुढेच राहतो. पुंजाजी म्हणाले, धुळीला चांदी दिसत नाही. शेठ मागे गेले, आणि नांदगाव पेठेला उतरले तेव्हा भुवयांसकट भुरे झाले होते.

पण खरा जाच पुढेच होता. मुक्कामाला बैल सोडले, की पुंजाजी सगळ्यांना गोल बसवायचे आणि प्रत्येकानं वाटेत पाहिलेली एक गोष्ट सांगायची. एकच, पण खरी, आणि दुसऱ्यानं न पाहिलेली. हे ऐकायला सोपं वाटतं. देवबाला फक्त चाकं दिसायची. समोरून आलेल्या चौथ्या गाडीच्या उजव्या चाकाचा आरा ढिला होता, हे तो सांगायचा, आणि पुंजाजी विचारायचे, "अन् धुरकरी कसा होता?" गाडीवान कसा होता ते देवबाला आठवायचं नाही. मला मैलाचे दगड दिसायचे आणि त्यांवरच्या अक्षरांतल्या चुका. गुलाबशेठांना तर डोळे उघडले की कापूसच दिसायचा.

"कापूस सोडून सांगा, शेटजी."

शेठ विचार विचार करायचे. कपाळावर घाम यायचा. शेवटी म्हणायचे, सरकी पाहिली.

आम्ही हसायचो, पण पुंजाजी हसायचे नाहीत. ते ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून घ्यायचे. बाईचं लुगडं कोणत्या रंगाचं? बाभळीवर घरटी किती, लटकलेली का बसकी? विहिरीवर भांडण झालं, तर आधी कोण बोललं? त्यांचे ओठ हलायचे, मूल पाढे घोकतं तसे. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला काही ना काही खूळ लागतं; ह्यांना हे लागलं.

दिवाळीच्या सुटीत आम्ही अकोल्याची मोठी सैल काढली. जाताना तीन मुक्काम, येताना तीन. कापूस वेचणीचे दिवस, सडक गाड्यांनी भरलेली. बडनेऱ्याच्या पुढे आगगाडीसाठी मातीचा बांध घालायचं काम चाललं होतं आणि मजूर टोपल्या खाली ठेवून आमची वरात बघत होते. ओझ्याच्या गाड्यांचे धुरकरी विचारायचे, कुणाचं लग्न आहे? पुंजाजी म्हणायचे, कुणाचं नाही. मग कोण मेलं? कोणी नाही.

मूर्तिजापूर सोडलं आणि पुंजाजींनी अचानक दमणी थांबवली. मागे सगळी रांग थांबली. त्यांनी उतरून एकेका गाडीला कान दिला आणि गुलाबशेठांच्या गाडीजवळ उभे राहिले. म्हणाले, हिच्या आखाचा आवाज सकाळपासून बदलला आहे. शेठांनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी गादीखालून कापसाचं एक गाठोडं निघालं. अकोल्याच्या व्यापाऱ्याला दाखवायचा नमुना. शेठ म्हणाले, ह्याचं वजन मांजराएवढं नाही. पुंजाजी रागावले नाहीत, वादही घातला नाही. त्यांनी आपले बैल सोडले, निंबाखाली घोंगडी टाकली आणि आडवे झाले. ते गाठोडं गाडीत आहे तोवर सैल हलणार नव्हती.

तासभर गेला. देवबानं चूल मांडून पिठलं शिजवलं. शेठ एकटे गाठोड्याजवळ उभे. गाठोडं टाकून देणं त्यांच्या हातून होईना आणि एकटं पुढं जाणंही होईना. रस्त्याच्या कडेला एका म्हातारीची झोपडी होती. शेवटी शेठ तिथे गेले आणि तिला म्हणाले, घे, उशी कर. म्हातारीनं कापूस दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला आणि विचारलं, ह्याच्या बदल्यात माझ्याजवळून काय पाहिजे? शेठ गांगरले. काही नको म्हणाले. तिला ते खरं वाटेना. तिनं जबरदस्तीनं त्यांना ताकाचं गाडगं प्यायला लावलं आणि पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

त्या संध्याकाळी गोलात शेठांनी म्हातारीबद्दल सांगितलं. तिच्या उजव्या गालावर तीळ होता, ताकाला धुराचा वास होता, हातांत कथलाच्या दोनच बांगड्या होत्या. पुंजाजींनी ते तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आता पाह्यलं तुमी, शेटजी." शेठांच्या तोंडावर जो आनंद दिसला तो मी त्यांच्या दुकानात कधी बघितला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला त्या वेळी कळली नाही. काटेपूर्णेच्या उतारावर आलो, तेव्हा पुंजाजींनी कासरा माझ्या हातात दिला, खाली उतरले, आणि बैलाचं शिंग धरून नदीपर्यंत पायी चालत गेले. त्यांच्या मागे सगळ्यांनी गाड्या हळू घेतल्या. त्या मुक्कामाला त्यांनी कुणाला काही विचारलंही नाही.

अकोल्याच्या नाक्यावर शिपायानं आम्हाला अडवलं. आठ गाड्या, उत्तम बैल आणि माल काहीच नाही, म्हणजे नक्की काहीतरी लबाडी. त्यानं गादीखालचं गवत भाल्यानं टोचून बघितलं. काय आणलं? काही नाही. काय नेणार? काही नाही. मग आले कशाला? पुंजाजी शांतपणे म्हणाले, "सडक पाहाले." शिपायानं माझ्याकडे बघितलं, कारण माझ्या डोक्यावर पगडी होती. मी सरकारी शाळेचा मास्तर असल्याचं सांगून हे खरं असल्याची ग्वाही दिली. त्यानं आम्हाला सोडलं, पण मुलांना शिकवायला असला माणूस ठेवतात, ह्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

शिमग्याला पुन्हा अकोल्याला जायचं ठरलं होतं. दोन दिवस आधी पुंजाजींना ताप भरला. मी विचारपूस करायला गेलो. ओसरीवर कुणी नव्हतं. परत फिरत होतो, तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "या ना मास्तर, आत या. तुमीच ना ते, मांडीवर बोचकं घेऊन बसले होते?"

मी आत गेलो. खिडकीपाशी खाटेवर पुंजाजींच्या पत्नी सगुणाबाई पडल्या होत्या. केस सगळे पिकलेले, डोळे मात्र फार तरतरीत. शेजारी दुसऱ्या खाटेवर पुंजाजी तापाच्या गुंगीत झोपले होते. बाई मला बसवून बोलू लागल्या, आणि मी थक्क झालो. त्यांना देवबाचं चाकांचं वेड माहीत होतं. शेठांची सरकी माहीत होती. म्हातारीच्या गालावरचा तीळ, नाक्यावरचा शिपाई, मला कासरा धरता येत नाही, हे सगळं माहीत होतं. चार वर्षांत त्या खाटेवरून उठल्या नव्हत्या, आणि अमरावती ते अकोला सडकेवरचं झाड न् झाड त्यांच्या ओळखीचं होतं.

मी म्हणालो, पुंजाजी तुमच्यासाठी हे सगळं गोळा करून आणतात तर. किती जीव आहे त्यांचा तुमच्यावर.

बाईंनी झोपलेल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवला. मग मला सांगितलं ते असं. तेजीच्या पहिल्या वर्षी ह्यांनीही कापूस लावला होता. बाईंचं माहेर पातूरचं. भावाच्या घरी बारसं होतं. कापूस अकोल्याला न्यायचाच होता. पुंजाजी म्हणाले, वर बस, एका खेपेत दोन्ही कामं होतील, तुला पुढे पातूरला सोडतो. बाई गाठोड्यांच्या ढिगावर चढून बसल्या. काटेपूर्णेच्या उतारावर ओझ्यानं गाडी पलटली. कापूस बाईंच्या अंगावर पडला आणि कंबर गेली.

"मी त्याईले एक शबूद बोलली नाही," बाई म्हणाल्या. "बोलली असती तं बरं झालं असतं."

त्यानंतर पुंजाजी घरात थांबेनासे झाले. दिवसभर मळ्यात. जेवण ओसरीवर. बाईंशी बोलायचं तर उंबरठ्याबाहेर उभं राहून, खाली बघत. सात-आठ महिने असे गेले. मग एकदा बाईंच्या औषधासाठी एकटे अकोल्याच्या हकिमाकडे गेले. रिकाम्या दमणीनं, कारण ओझं घ्यायची हिंमत नव्हती. परत आले ते काहीतरी वाटेत बघून आले होते. दोन धुरकऱ्यांचं भांडण, असंच काही. ते सांगता सांगता उंबरठ्याच्या आत आले, खाटेच्या कडेला बसले, आणि सांगणं संपेपर्यंत बसून राहिले.

"तवापासून मीच धाडते त्याईले," बाई म्हणाल्या. "म्हनलं, जा, बोरगावच्या आंब्याले मोहर आला का पाहून या. मंग म्हनलं, एकट्याचे डोये पुरत नाहीत, चार मान्सं संगं घ्या. मले काय करायचं मास्तर त्या सडकीचं? माह्या कमरेवरून गेलेली सडक हाय ते. पन सांगाले असलं काही, म्हंजे हे माह्याजोळ बसते."

थोड्या वेळानं पुंजाजींना जाग आली. मला बघून ते उठू लागले, बाईंनी दटावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो शिमग्याच्या सैलीचा. ती मोडायची नाही, म्हणाले. दमणी देवबाचा भाऊ हाकेल, मास्तर पुढे बसतील आणि सगळं नीट बघून येतील.

आम्ही गेलो. माझ्या आयुष्यात मी इतकं बघितलं नाही, जितकं त्या सहा दिवसांत बघितलं. पळस फुलला होता. लोणीजवळ एका पालावर अस्वल आजारी होतं आणि दरवेशी त्याला कांजी पाजत होता. गुलाबशेठ आपण होऊन म्हातारीच्या झोपडीपाशी थांबले. तिनं उशी केली नव्हती, नातवाची बंडी भरली होती. काटेपूर्णेच्या उतारावर मी खाली उतरलो आणि बैलाचं शिंग धरून चाललो. मागच्या सगळ्यांनी तसंच केलं. कारण कुणी विचारलं नाही.

परत आलो त्या दुपारी अंगावरची धूळही न झटकता मी पुंजाजींच्या घरी गेलो. ताप उतरला होता, पण अशक्तपणा फार. दोन खाटा तशाच शेजारी शेजारी होत्या. भावजयीनं मला पाणी दिलं. मी बसलो आणि सांगू लागलो. मास्तर माणूस, रोज पन्नास मुलांसमोर बोलणारा. पण मी सांगत होतो ते एकापुढे एक ठेवलेल्या मैलाच्या दगडांसारखं. अस्वलाचं सांगताना कांजी विसरलो. पळस सांगताना तो रस्त्याच्या कोणत्या अंगाला होता, हे आठवेना. बाई "हं, हं" म्हणत होत्या, चांगल्या मनानं.

पुंजाजींना ते सहन होईना. ते आधी कूस बदलत राहिले. मग मला थांबवून म्हणाले, मास्तर, अस्वलाच्या आधी निंब येतो, तो कुठं गेला? मी म्हणालो, असेल. मग त्यांनी दरवेशाचं विचारलं. कसा बसला होता? मांडी घालून, का उकिडवा? मला आठवत नव्हतं.

पुंजाजी खाटेवरून उतरले. भावजय धरायला पुढे झाली, पण बाईंनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. ते भिंतीचा आधार घेत बाईंच्या खाटेपाशी आले आणि खाली जमिनीवर, तिच्या उशाशी टेकून बसले.

"दरवेशी उकिडवाच बसला असन," ते म्हणाले. "अस्वलाचं डोस्कं त्याच्या गुडघ्यावर. असं पाह्य, असं. त्याची बायको मांगून चूल फुकून राहिली होती, तिले तं वाटे का हा अस्वलाचाच नवरा हाय."

बाई हसल्या. पुंजाजी बोलत राहिले. ह्या वेळी ते अमरावतीच्या वेशीबाहेरही गेले नव्हते. तरी बडनेऱ्यापासून एकेक झाड, एकेक विहीर, वाटेत भेटलेली माणसं, त्यांचं बोलणं, सगळं क्रमानं येऊ लागलं. बाईंनी विचारलं, शेटजी काय बोलले म्हातारीशी? आणि पुंजाजींनी तेही सांगितलं.

माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. मी भांडं खाली ठेवलं, दाराशी काढलेले जोडे हातात घेतले आणि आवाज न करता ओसरीवर आलो.